आधी गोळ्या का थेट दाढ काढायची?
भावा, दाढ ठणकायला लागली की आपण राजारामपुरीतल्या मेडिकलमधनं अ‍ॅमॉक्सिसिलिन ही अँटिबायोटिकची गोळी आणून गिळतो, सूज उतरते आणि आठवड्यात परत तांबड्या रश्श्यावर बसतो. पण गोळीनं नुसतं दबतं, दाताच्या आतला सडलेला भाग तसाच राहतो, म्हणून ठणका परत येतोच. थेट काढली तर मूळच जातं, फक्त पू झालेल्या जागी भुलीचं इंजेक्शन नीट लागत नाही, मग डॉक्टर जरा लांबनं, दाताकडं जाणाऱ्या नसेलाच (मज्जातंतूला) भूल देतात. ताप, गालभर सूज असली तर दोन्ही लागतं, पू पण काढतात आणि गोळ्या पण देतात. मला विचारशील तर काढलेली बरी. तोंड उघडेना, गिळता येईना झालं तर मात्र रात्रीच सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं सरकारी हॉस्पिटल, गाठायचं, सकाळची वाट बघायची नाही.