ओव्हल्टिनच्या दोन गाड्या: डिंकी घ्यावी की लेडो?

माझ्या टेबलावर दोन खेळण्यातल्या डिलिव्हरी व्हॅन आहेत आणि दोन्हींवर जाहिरात ओव्हल्टिन या पेयाचीच. एक डिंकी या जुन्या ब्रिटिश खेळणी-ब्रँडची निळी बेडफर्ड, १९५०च्या दशकातली. दुसरी लेडोची फोर्ड मॉडेल टी, १९८०च्या दशकातली. जुन्या डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूच्या, व्हॅन जमवायच्यात, पण सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की मी आधी या दोघी त्याच्या हातात देतो.

डिंकी जड लागते. कोपऱ्यांवरचा रंग उडालाय, रबरी टायर कडक होऊन एका बाजूला चपटे झालेत. कुणीतरी ती जमिनीवर मनसोक्त पळवलेली आहे. लेडोवर ओरखडासुद्धा नाही, कारण ती बहुधा कधी खेळलीच गेली नाही. मोठ्या माणसांनी खोक्यासकट कपाटात ठेवावी म्हणूनच ती निघाली. मॅचबॉक्स या खेळण्यातल्या गाड्या काढणाऱ्या लेस्नी कंपनीतले जॅक ओडेल यांनी १९८२मध्ये हा कारखाना काढला. त्यांचं आडनाव इंग्रजीत उलटं लिहा, लेडो होतं. एकच मॉडेल टी आणि तिच्यावर शेकडो जाहिराती, असा सगळा मामला. त्यामुळे लेडो स्वस्त. एका बऱ्या डिंकीच्या पैशात लेडोचा आख्खा खण भरतो. आणि इथेच गोम आहे: खण भरतो, मग दुसरा भरतो, आणि मुंबईच्या वन बीएचकेत तिसरा खण असतोच कुठे?

डिंकीत धोके जास्त. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या व्हॅन, म्हणजे १९३४पासूनची २८ क्रमांकाची मालिका, नवशिक्याने लांबूनच बघावी. त्या काळच्या जस्ताच्या मिश्रधातूत शिशासारखी अशुद्धी राहून जायची. त्याने धातू आतून फुगतो, तडकतो आणि शेवटी बिस्किटासारखा तुटतो. यालाच झिंक पेस्ट (pest, म्हणजे जस्ताची कीड) म्हणतात. त्यावर इलाज नाही आणि दमट हवेत ती आणखी फोफावते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर काय असतं ते सांगायला नको. युद्धानंतरच्या गाड्यांत हा त्रास क्वचित.

दुसरा धोका रंगाचा. माझी पहिली डिंकी चोरबाजारातली, मटण स्ट्रीटवरची. घासाघीस करून भाव पाडला म्हणून मी खुशीत होतो. घरी येऊन उलटी केली तेव्हा दिसलं की तळाचा पत्रा धरणाऱ्या रिवेटांची डोकी ड्रिलने उडवून पुन्हा चिकटवलेली होती. रंग नवा, अक्षरं नवी. तेव्हापासून मी गाडी आधी पालथी करतो आणि मग बाजूची जाहिरात उजेडात तिरकी धरतो. डिंकीवर पाण्यात भिजवून लावायचे ट्रान्सफर असत, त्यांची कड किंचित उठून दिसते आणि वयाने पिवळट पडते. रंग विटलेला पण अक्षरं कोरी करकरीत, असं दिसलं तर गाडी खाली ठेवा. लेडोवरची जाहिरात थेट छापलेली. तिथे तपासायला फारसं काही नसतं, मजाही तितकीच.

मधला मार्ग हवा असेल तर मॅचबॉक्सची येस्टरइयर मालिका. लिप्टन चहाची टॅल्बट व्हॅन देखणी आहे आणि काम लेडोपेक्षा बारीक. देशी काही हवं असेल तर कलकत्त्याच्या निकी टॉइजची स्टँडर्ड मिनीबस शोधा. ती डिलिव्हरी व्हॅन नव्हे, पण डिंकीच्याच जुन्या साच्यांतून काढलेली. रंगकाम ओबडधोबड, तरी मला ती प्यारी.

माझा कौल विचाराल तर तीस लेडोंऐवजी युद्धानंतरची एकच खेळलेली डिंकी घ्या. ट्रोजन व्हॅन मिळाली तर उत्तमच, त्यातल्या ब्रुक बाँड चहाच्या लाल गाडीवर मी स्वतः टपून आहे. खोका मिळाला नाही म्हणून अडू नका. जुन्या खोक्याच्या हुबेहूब नकला निघतात आणि मूळ खोका कधीकधी गाडीपेक्षा महाग पडतो. परदेशातून मागवणार असाल तर टपाल आणि कस्टम्स धरूनच हिशेब करा.

एक मात्र खरं, घरात पाच वर्षांचं पोर असेल तर लेडो घ्या. माझा भाचा येतो तेव्हा डिंकी कपाटात जाते आणि मॉडेल टी सोफ्याच्या हातावरून सुसाट सुटते.