निवासी अकादमी की घरचं मैदान?

पोरगी बारा-तेरा वर्षांची, जिल्ह्यात पहिली-दुसरी येतेय, आणि कुणीतरी म्हणतं, ‘हिला अकादमीत टाका.’ तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे हेच झालं. लेक आठशे मीटर पळते. दीड वर्ष ती एका खासगी निवासी अकादमीत होती, मग परत साताऱ्याला आली. दोन्हीकडचं पाहिलंय, म्हणून लिहितोय.

सोयींची तुलनाच नको. तिकडे सिंथेटिक ट्रॅक, फिजिओ, तोडीस तोड दहा मुली. इकडे मुरमाचं मैदान, पावसाळाभर चिखल, आणि शाळेतले सर, ज्यांची बदली कधी निघेल सांगता येत नाही. आठशे मीटर एकटीनं पळून वेळ फारशी उतरत नाही, खांद्याला खांदा लावून पळणारी कुणी लागतेच. ती उणीव आजही जाणवते.

शिवाय खेळ कोणता, हेही पाहावं लागतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे २००९ मध्ये, चौदाव्या वर्षाच्या आसपास शासनाच्या निवासी क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि २०२४ ला पॅरिसहून ५० मीटर रायफलचं ब्राँझ घेऊन आला. रेंज आणि रायफल गावात कुठून आणणार? पळण्याचं तसं नाही. बीडच्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, धावपटू म्हणून तिथंच घडला, आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांच्या लांब शर्यतीचं, रौप्य मिळालं. एकदोन उदाहरणांवरून नियम काढू नये हे कबूल. पण तेराव्या वर्षी गाडी चुकतेय अशी जी घाई आम्हा पालकांना होते, ती मला आता तेवढी खरी वाटत नाही.

माझं मत फिरलं ते मात्र एका कागदामुळं. दर शनिवारी टायमिंगची चाचणी, आणि संध्याकाळी निकालाचा कागद मेसच्या दारावर. नावं क्रमानं, खालच्या तीन नावांखाली लाल रेघ. जेवायला जाताना तो दिसणारच, दिवसातून तीनदा. भेटायला गेलो तेव्हा सगळ्या मुली आत गेल्या तरी आमची चपलांपाशीच उभी. म्हणाली, ‘भूक नाही.’ रविवारी फोनवर ‘कशी आहेस गं?’ विचारलं की उत्तर म्हणून आठशेची वेळ यायची, मिनिटं-सेकंदांत: ‘दोन एक्केचाळीस, बाबा.’ नडगी दुखत होती, तेही महिनाभर लपवलं. विश्रांती घेतली की नाव खाली जातं ना.

प्रशिक्षक वाईट नव्हते, उलट कष्टाळू. कागद काढता येईल का, म्हणून विचारलं, तर म्हणाले, ‘स्पर्धेची सवय लागते.’ काहींना लागतही असेल. तिच्या खोलीतली एक मुलगी तिथं मजेत होती, अजून आहे.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते, आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी, आणि वर्षात दोन-तीन महिने त्या खेळापासून लांब. अकादमीत रविवारीही ‘हलका’ सराव असायचा. दोन-तीन महिन्यांचं तर विचारूच नका, मे महिन्यात शिबिर. घरी हे आपोआप जमतं. पाऊस लागला की मैदान बंद, दिवाळीत सर गावाला.

तरीही अकादमीच ठरत असेल, तर निवड चाचणीच्या दिवशी जाऊ नका, त्या दिवशी सगळं धुतलेलं असतं. मधल्याच एखाद्या मंगळवारी जेवणाच्या वेळी जा आणि मेसचं दार बघा. दुखापत झालेली मुलं कुठं बसतात तेही बघा.

आमची परत आल्यावर चार महिने पळालीच नाही, आणि आम्हीही विषय काढला नाही. मग एके दिवशी स्वतःच बूट शोधायला लागली. ते लहान झाले होते. आता दोन छत्तीसला आहे, अकादमीतल्या मुलींपेक्षा बरीच मागं. मागच्या आठवड्यात मामेबहिणीची हळद होती म्हणून दोन दिवस सरावाला गेली नाही. सरांना तसं तिनंच फोन करून सांगितलं.