सर्व्हर हार्डवेअरचा विकेंड क्लास, पुणे: मशीन खरंच उघडायला देतात

डेस्कटॉप सपोर्टला काही वर्षं काढली की प्रिंटर, आउटलुक आणि पासवर्ड रीसेट याच्या पुढचं काम कोणी देतच नाही, आणि सर्व्हर टीमसाठी इंटरव्ह्यू दिला की पहिलाच प्रश्न येतो की फिजिकल सर्व्हरवर हात चालवलाय का. मी त्याच फेऱ्यात होते म्हणून पुण्यात बऱ्याच क्लासेसमध्ये जाऊन चौकशी केली. एका ठिकाणी सगळं सिम्युलेटरवर होतं, दुसरीकडे एकच जुना टॉवर सर्व्हर टेबलावर मांडून ठेवलेला आणि तोही चालू नव्हता, फक्त झाकण काढून पार्ट दाखवायचे. या विकेंड क्लासमध्ये मात्र मी लॅब बघायची म्हटल्यावर लगेच आत नेलं, ४२ यूची रॅक (सर्व्हर बसवायचं कपाट, यू म्हणजे त्याच्या उंचीचं माप), त्यात चालू मशीन, समोर बॅचची मुलं रेल्स (मशीन सरकवायच्या पट्ट्या) बसवत होती. तिथेच ठरवलं.

लॅबमध्ये मुख्यतः डेलचे पॉवरएज आर७२० आणि आर७३० सर्व्हर आहेत आणि एचपीचा एक डीएल३८० जेन९. जुनी मशीनं आहेत हे खरं, पण शिकायला हीच बरी असं मला वाटतं, कारण ती बिघडली तरी सर ओरडत नाहीत, उलट स्वतःच बिघडवून ठेवतात. हीच इथली सगळ्यात भारी गोष्ट आहे. सकाळी येऊन बघावं तर कुठल्या तरी मशीनमध्ये रॅम चुकीच्या स्लॉटला, कुठे डिस्क काढून दुसऱ्या मशीनची घातलेली, कुठे फॅन अनप्लग, आणि तुमच्या जोडीला फक्त एवढंच सांगतात की युजरची तक्रार आहे सर्व्हर स्लो चाललाय, शोधा. आणि नियम एकच, लॉग वाचल्याशिवाय झाकणाला हात नाही. आधी आयड्रॅकमध्ये (डेल सर्व्हर लांबून बघायची-चालवायची सोय) लॉगिन करा, सिस्टम इव्हेंट लॉग बघा, कुठला डिम (रॅमची पट्टी), कुठला फॅन ते लिहून सरांना दाखवा, मगच झाकण उघडायचं. सुरुवातीला कंटाळा येतो पण नंतर कळतं की डेटा सेंटरमध्ये हेच काम आहे, चालू प्रॉडक्शन मशीन उगाच उघडून बघू कोणी देणार नाही.

रॅमचा भाग तर फारच नीट घेतला. आर७२०ला दोन प्रोसेसर मिळून २४ स्लॉट, प्रत्येक प्रोसेसरला ४ चॅनेल (रॅमकडे जाणारे मार्ग), आधी पांढऱ्या क्लिपचे भरायचे मग काळे मग हिरवे, आणि आरडिम आणि एलआरडिम हे रॅमचे दोन प्रकार एकत्र घालायचे नाहीत. हे यूट्यूबवरही सांगतात, पण इथे एक प्रोसेसर काढून टाकायला लावतात आणि मग बघा, त्या बाजूचे सगळे १२ स्लॉट गेले. वाकलेल्या पिनचा एक बोर्ड पण मुद्दाम जपून ठेवलाय, सॉकेटच्या पिनवर टॉर्च मारून तिरकं बघायला शिकवतात. प्रोसेसर बसवताना माझा हात किती थरथरत होता काय सांगू, पण शेवटी शेवटी मी शांतपणे बसवत होते, आणि हा फरक व्हिडिओ बघून कधीच पडला नसता.

रेडला (बऱ्याच डिस्क एकत्र जोडून, एखादी गेली तरी डेटा टिकवायची पद्धत) त्यांनी बराच वेळ दिला आणि तो दिला ते योग्यच केलं. ४ डिस्कचा रेड ५ बनवा, त्यावर फाइल कॉपी चालू ठेवा आणि एक डिस्क ओढून काढा. कॉपी चालूच राहते, रेडचा कंट्रोलर डिग्रेडेड (एक डिस्क कमी) दाखवतो. नवीन डिस्क घातली की रिबिल्ड (गेलेल्या डिस्कचा डेटा नव्या डिस्कवर परत लिहिणं) सुरू, आणि रिबिल्ड चालू असतानाच सर म्हणाले आता दुसरी काढा. गेला सगळा डेटा. तोच प्रयोग रेड ६वर केला तर दोन डिस्क जाऊनही टिकला. मोठ्या डिस्क असल्या की रिबिल्डला किती तास जातात आणि तेवढ्यात दुसरी डिस्क गेली तर काय, हे समोर बघितल्यावर रेड ५ का टाळतात ते पाठ करावं लागत नाही. दुसऱ्या मशीनची डिस्क घातल्यावर फॉरेन कॉन्फिग (त्या डिस्कवरची आधीच्या मशीनची रेडची मांडणी) येतं तेव्हा इम्पोर्ट करायचं का क्लिअर, यावर तर अर्धा दिवस गेला, कारण चुकून क्लिअर मारलं की समोरच्याचं अख्खं व्हॉल्यूम गेलं समजा.

पॉवरचं पण तसंच, दोन्ही पॉवर सप्लाय एकाच पीडीयूला (रॅकमधली पॉवर स्ट्रिप) लावले तर रिडंडन्सीचा काही उपयोग नाही, एक केबल ए फीडला एक बी फीडला (विजेच्या दोन वेगळ्या लाइन), आणि मग खरंच एक फीड बंद करून दाखवतात. रॅकच्या मागे जाऊन नेमकं मशीन शोधायला पुढून आयडी बटण दाबून निळा दिवा लुकलुकता करायचा, ही छोटी गोष्ट मला कुठल्याच नोट्समध्ये सापडली नव्हती आणि कामावर ती रोज लागते. एचपीवर आयएलओचा (एचपीचं आयड्रॅकसारखंच) पासवर्ड मशीनच्या टॅगवर छापलेला असतो, जुन्या डेलला root आणि calvin हा डिफॉल्ट युजरनेम-पासवर्ड असतो आणि तो पहिल्याच दिवशी बदलायचा, असल्या गोष्टी सर बोलता बोलता सांगत जातात. शिकवणं मराठी हिंदी मिक्स आहे, बॅचमध्ये नगर, सोलापूर, लातूरकडची बरीच मुलं होती, सगळ्यांना समजत होतं.

आता जे नाही आवडलं ते. सॅन (सर्व्हरबाहेरच्या सामायिक स्टोरेजचं नेटवर्क) आणि त्याला लागणारं फायबर चॅनेल फक्त स्लाइडवर उरकलं, स्टोरेजला जायचं असेल तर हा क्लास पुरणार नाही. एचपीचं मशीन एकच, त्यामुळे त्याच्यासाठी थांबावं लागतं आणि आयएलओला हात कमी लागतो. पंख्यांच्या आवाजात मागे बसलेल्यांना काही ऐकू येत नाही, पुढे बसा. आणि भिंतीवर प्लेसमेंटचा बोर्ड मोठा आहे पण प्रत्यक्षात ते रेझ्युमे पुढे पाठवतात एवढंच, बाकी तुम्हीच करायचं, हे ऑफिसवाल्यांनी आधी स्पष्ट सांगायला हवं, मुलं घरून पैसे घेऊन येतात.

कॉम्पटिया सर्व्हर प्लस या सर्टिफिकेट परीक्षेची तयारी करून घेतात असं जाहिरातीत आहे, ते अर्धवट खरं. तिच्या एसके०-००५ पेपरला ९० मिनिटं असतात आणि पासिंग ७५० (१०० ते ९०० च्या स्केलवर), त्यात हार्डवेअर आणि ट्रबलशूटिंगला इथली प्रॅक्टिस भरपूर कामी येते, पण सिक्युरिटी, बॅकअप, स्क्रिप्टिंग घरी बसून करावं लागलं. सर्टिफिकेट नाही केलं तरी चालेल का असं बरेच विचारतात. माझ्या मते फ्रेशर असाल तर करा, सपोर्टचा अनुभव असेल तर आधी हात बसवा.

कोणासाठी आहे म्हणाल तर ज्यांना डेटा सेंटर टेक्निशियन किंवा फील्ड इंजिनियर व्हायचंय त्यांच्यासाठी. नवी मुंबईकडे ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल या पट्ट्यात एवढी डेटा सेंटर उभी आहेत, तिथे रॅकसमोर उभं राहून डिस्क बदलणारा माणूस लागतोच, आणि शिफ्टचं काम करायची तयारी पाहिजे. फक्त एडब्ल्यूएस (ॲमेझॉनचं क्लाउड) शिकायचं असेल तर इथे येऊ नका, वेगळा कोर्स आहे तो.

फी ऑनलाइन कोर्सपेक्षा बरीच जास्त आहे, दोन हप्त्यात घेतात, पावती मागून घ्या. ॲडमिशनच्या आधी शनिवारी चालू बॅचमध्ये तासभर बसू द्या म्हणा, देतात. एका मशीनवर किती जण असतील तेही विचारा, आमच्या वेळी दोघं होतो आणि तेवढेच असावेत, तीन झाले की एकाच्या हातात स्क्रूड्रायव्हर येतच नाही. बंद बूट घालून या आणि अंगठ्या, कडं काढून ठेवा, मनगटाला ईएसडी पट्टा (अंगातली स्टॅटिक वीज उतरवणारा) लावल्याशिवाय आत सोडत नाहीत. पार्किंग नाही, बसने आलेलं बरं.