जुन्या पीसीत नवं कार्ड, की ऑफिसातून निघालेला डेस्कटॉप? दोन्ही करून बघितल्यावर

गेल्या दिवाळीपासून ओळखीतल्या चार-पाच जणांनी मला हाच प्रश्न विचारलाय. पीसी २०१२-१३ चा, इंटेलचा तिसऱ्या नाहीतर चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, इतकी वर्षं ऑनलाइन गेम बरे चालत होते आणि आता एकेक गेम हात वर करायला लागलाय, तर आहे त्याच डब्यात नवं ग्राफिक्स कार्ड टाकायचं की डबाच बदलायचा? मी दोन्ही केलंय, आधी पहिलं आणि सहा महिन्यांनी दुसरं. त्यामुळे माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच, पण तुमची गरज वेगळी असू शकते हे धरूनच वाचा.

एक गोष्ट आधीच सांगतो. गेम चालणं आणि गेमचा सपोर्ट असणं यात फरक आहे आणि तो मला फार उशिरा कळला. काउंटर-स्ट्राइक २ सप्टेंबर २०२३ मध्ये आला, त्याने आधीच्या सीएस:गोची जागा घेतली, आणि त्यात डायरेक्टएक्स ९ (जुनी ग्राफिक्स पद्धत), ३२ बिट विंडोज आणि मॅक तिन्ही गेले. हा गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्हचं म्हणणं होतं की हे सगळे मिळून एक टक्क्यापेक्षा कमी खेळाडू आहेत. असतीलही, पण माझा आत्येभाऊ त्या एक टक्क्यातला, दुकानातल्या बिलिंगच्या पीसीवर ३२ बिट विंडोज ७, रात्री शटर ओढल्यावर तासभर खेळायचा आणि एका सकाळी त्याच्यासाठी तो गेम संपला. मग १ जानेवारी २०२४ ला स्टीमनेच, म्हणजे ज्यातून हे गेम उघडतात त्या अ‍ॅपनेच, विंडोज ७ आणि ८ सोडलं. म्हणजे बघा, काउंटर-स्ट्राइक १.६ सारखा वीस वर्षांपूर्वीचा गेम, जो त्या मशीनकडून काहीच मागत नाही, तोसुद्धा अडला, कारण ज्या दारातून गेममध्ये जायचं ते दारच बंद झालं. कागदावर सीएस २ आजही आय-फाइव्ह ७५० मागतो, म्हणजे २००९ चा प्रोसेसर. त्या कागदावर विसंबून खर्च करू नका एवढंच म्हणेन.

आता माझा पहिला प्रयोग. बी ७५ मदरबोर्ड, आय-फाइव्ह ३४७०, आठ जीबी रॅम, आणि कार्ड इतकं जुनं की त्याचा शेवटचा गेमिंग ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) २०२१ मध्येच आलेला. एनव्हिडिया या कंपनीची ६०० आणि ७०० सिरीजची बहुतेक कार्डं तेव्हाच थांबली. अशा कार्डावर गेम क्रॅश झाला की कुठेही शोधा, उत्तर एकच मिळतं, ड्रायव्हर अपडेट करा. तो नाहीच म्हटल्यावर पुढे काय करणार. म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून वापरलेलं जीटीएक्स १६५० आणलं, सोबत एसएसडी (वेगवान डिस्क), दोन्ही मिळून नऊ हजारांच्या आतबाहेर. हे कार्ड स्लॉटमधूनच लागेल तेवढी वीज घेतं, ७५ वॉट, त्यामुळे जुना एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) बदलावा लागला नाही (काही मॉडेलना वेगळी सहा पिनची वायर लागते, ते बघून घ्या). पहिले काही आठवडे तर वाटलं की झालं काम. मॅप पटकन लोड व्हायला लागला, क्रॅश थांबले. गेममध्ये कोणी धुराचा बॉम्ब टाकला की चित्र अजून अडकायचं, कारण चार कोरचा प्रोसेसर आणि मागे मित्रांशी बोलायचं डिस्कॉर्ड चालू, पण ते मी चालवून घेतलं असतं. खरंच चालवून घेतलं असतं.

बिघडलं ते सिक्युअर बूटवरून (पीसी सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय). आमचा पाच जणांचा ग्रुप आहे, इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलपासूनचा, आता एक जण पुण्यात, दोघं बेंगळुरूला, एक नाशिकला आणि मी सांगलीत. शुक्रवारी रात्री दहा वाजता सगळे येतात, आठवड्यातले ते दोन तास सोडले तर आमचं धड बोलणंसुद्धा होत नाही. ग्रुपने जो नवा गेम धरला तो सिक्युअर बूट चालू असल्याशिवाय उघडतच नाही. आता हे माझ्या बोर्डावर आहे, विंडोज ८ च्या काळातला बोर्ड असल्यामुळे बायॉसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) तो पर्याय मिळतो, पण त्यासाठी सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद करायला लागतं, आणि सीएसएम बंद केला तर जुन्या एमबीआर पद्धतीची डिस्क बूट होत नाही, म्हणून आधी ती जीपीटी या नव्या पद्धतीत बदलायला लागते. विंडोज १० मध्ये त्यासाठी एमबीआर२जीपीटी नावाची सोय आहे, डेटा न उडवता काम होतं, तरी मी आधी फोटोंचा बॅकअप घेतला, तुम्हीही घ्या. एक शनिवार गेला त्यात. गेम उघडला. आनंद झाला.

पुढच्या शुक्रवारी दहाला पाच मिनिटं असताना गेम लावला तर सिक्युअर बूट बंद आहे म्हणून मेसेज. आमच्याकडे आठवड्यातून एक दिवस दुरुस्तीसाठी लाइट बंद असते, कधी चार तास कधी सहा तास, आणि त्या दिवसानंतर बोर्ड सगळी सेटिंग विसरून मूळ जागेवर जायचा. बायॉसचा सेल बदलला. दोनदा बदलला, दुसऱ्यांदा चांगल्या कंपनीचा. तरी तेच, कधी आठवडा टिकायचं, कधी तीन आठवडे. ओळखीच्या रिपेअरवाल्याने बोर्ड बघितला आणि म्हणाला, वय झालंय त्याचं, यात आता पैसे घालू नका. आणि त्रासदायक भाग असा की विंडोज एकदम व्यवस्थित चालू व्हायचं, काही बिघडलंय याचा पत्ताच लागायचा नाही, गेमचं बटण दाबेपर्यंत. मग रीस्टार्ट, डिलीट की, सीएसएम बंद, सेव्ह, परत रीस्टार्ट, परत आत, कीज भरा, सिक्युअर बूट चालू, सेव्ह, आणि तोवर हेडफोन काढून ठेवलेल्या चार माणसांना मी फोनवर सांगतोय, थांबा रे दोन मिनिटं. दोन मिनिटांची पंधरा व्हायची. नाशिकच्या मित्राला लहान बाळ आहे, त्याला दोनच तास मिळतात, त्यातली पंधरा मिनिटं माझ्या बोर्डाने खाल्ली याचं मला मनापासून वाईट वाटायचं. फ्रेम रेट कमी असता तर मी सेटिंग खाली आणली असती, पण दुसऱ्यांना ताटकळत ठेवणं मला जमेना. माझा निर्णय तिथेच झाला, बाकी सगळी कारणं नंतरची.

नंतरची कारणंही लहान नाहीत म्हणा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, नाव नोंदवलं तर सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे, आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) पाहिजे, जो तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या घरगुती बोर्डांवर बहुतेक मिळतच नाही. व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट दोन्ही मागतो, २०२१ पासूनच. बॅटलफील्ड ६ आणि ब्लॅक ऑप्स ७, दोन्ही २०२५ चे, त्याच वाटेने गेलेत. चीटिंग थांबवायला हे करावं लागतं असं कंपन्या सांगतात आणि चीटरच्या लॉबीत अडकलेल्या माणसाला ते पटतंही, मलाही पटतं. पण याचा अर्थ असा की आता तुमचा पीसी किती वेगवान आहे हा प्रश्न दुसरा झाला, पहिला प्रश्न तो किती साली बनला हा आहे. आणि नवीन कार्ड टाकून बोर्डाचं साल बदलत नाही.

म्हणून दुसरा प्रयोग. कंपन्या चार-पाच वर्षांनी डेस्कटॉप बदलतात आणि ते जुने पीसी साफ करून विकायला येतात, ऑप्टिप्लेक्स, एलिटडेस्क, थिंकसेंटर अशी नावं दिसतील. मी आठव्या पिढीचा आय-फाइव्ह ८५०० वाला टॉवर घेतला, १६ जीबी रॅमसह पंधरा हजारांना, आणि त्यात माझंच १६५० काढून बसवलं. हे पीसी दिसायला अगदीच साधे, पण ऑफिसांना डिस्क एन्क्रिप्ट करायची असते म्हणून त्यात टीपीएम २.० आधीपासून असतो आणि सिक्युअर बूट बहुतेक वेळा चालूच येतो. म्हणजे आज गेम जे मागतायत ते ऑफिसांनी स्वतःच्या कारणासाठी आधीच घेऊन ठेवलेलं. शिवाय डेस्कटॉपचा आय-फाइव्ह आठव्या पिढीत चारवरून सहा कोरचा झाला, धुरात अडकणं जवळजवळ गेलं, मी मोजलं नाही पण पहिल्याच रात्री पुण्याचा मित्र म्हणाला की आज तुझा आवाज तुटत नाहीये. तोपर्यंत मला माहीतच नव्हतं की माझा आवाज तुटतो.

घेताना मात्र नीट बघून घ्या. सातव्या पिढीचा पीसी दोन-तीन हजारांनी स्वस्त मिळतो आणि दुकानदार सांगतो एकच पिढी मागे आहे, पण ती एकच पिढी विंडोज ११ च्या रेषेच्या पलीकडे आहे, आणि कोरही चारच. छोटा डबा घेऊ नका, टॉवर घ्या, छोट्यात अर्ध्या उंचीचंच कार्ड बसतं आणि ते शोधताना आणि त्याचे पैसे देताना दोन्हीकडे त्रास. एसएमपीएस यांचा वेगळ्याच आकाराचा असतो, पुढे मोठं कार्ड टाकायचं स्वप्न असेल तर हा पर्याय तुमच्यासाठी नाही हे मी प्रामाणिकपणे सांगतो. आणि दुकानातच चालू करून बायॉसमध्ये जाऊन बघा, आधीच्या ऑफिसचा पासवर्ड राहिलेला असला तर घरी आणून डोक्याला हात लावायची वेळ येते. मी पहिला जो पीसी बघितला त्याला होता, म्हणून सांगतोय.

कार्डाबद्दल थोडं वेगळं मत आहे माझं. बाजारात जीटीएक्स १०६० आणि १०५० टीआय भरपूर मिळतात, १०६० तर १६५० पेक्षा बऱ्याच ठिकाणी पुढे आहे. पण एनव्हिडियाने त्या पिढीचे गेमसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले, पुढे फक्त सुरक्षेचे, २०२८ पर्यंत. चालेल, आज उत्तम चालेल, पण ज्या खड्ड्यातून मी वर आलो त्यातच परत उतरल्यासारखं होईल. तसंच एएमडीचं आरएक्स ६४०० जुन्या बोर्डात टाकू नका, ते डेटा ने-आण करायच्या चारच लेन वापरतं आणि जुन्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटवर अडखळतं. मी थोडा कमी वेग घेतला आणि चालू असलेला ड्रायव्हर घेतला, अजून तरी पस्तावलो नाही.

कन्सोलचं काय, हेही विचारतात. टीव्ही मोकळा असेल आणि माउसची सवय नसेल तर बघा, पण वय तिथेही मोजलं जातं, जीटीए ऑनलाइन पीएस ३ (प्लेस्टेशन ३) वर डिसेंबर २०२१ मध्ये बंद झालं आणि पबजीने पीएस ४ नोव्हेंबर २०२५ मध्ये सोडला. लिनक्स (विंडोजऐवजी टाकायची सिस्टिम) हा खरा चांगला पर्याय आहे, सीएस २ आणि डोटा २ त्यावर थेट चालतात. फक्त व्हॅलोरंट, फोर्टनाइट चालत नाहीत आणि एपेक्स तर ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी मुद्दाम बंद केलं गेलं. तुम्ही एकटे किंवा एकाच गेमवर प्रेम करणारे असाल आणि तो गेम सीएस किंवा डोटा असेल, तर नवीन डबा घ्यायची घाई करू नका, जुन्या पीसीत कार्ड आणि एसएसडी टाकून निदान एक-दोन वर्षं निघतील असं मला वाटतं. बोर्ड सेटिंग विसरत नसेल तर त्याहून जास्त. पण ग्रुप ठरवेल तो गेम खेळायचा असेल, तर नऊ हजार जुन्या बोर्डावर घालण्याआधी माझे पंधरा हजार आठवा, कारण मला शेवटी दोन्ही मिळून चोवीस हजार पडले, आणि कार्ड आणि एसएसडी पुढे कामी आली तरी जुन्या डब्यावर घातलेल्या वेळेचं काहीच परत आलं नाही. सगळं नवीन जोडायचं तर २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे चढलेत की या बजेटमध्ये तो विचार मी तरी केला नसता.

तो बी ७५ वाला डबा आता आत्येभावाच्या दुकानात आहे. कार्ड नाही, प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स, आणि वर लिनक्स टाकून दिलं, कारण स्टीम लिनक्सवर चालतं आणि १.६ ची लिनक्स आवृत्ती २०१३ पासूनच आहे. लाइट गेली की बायॉस अजूनही सगळं विसरतं, तारीख मागे जाते, पण इंटरनेट लागलं की तारीख परत येते आणि १.६ ला सिक्युअर बूट काय असतं ते माहीतच नाही. रात्री शटर ओढल्यावर तो परत तासभर खेळायला लागलाय, डस्ट २, रोज तोच मॅप.