मक्याची लापशी: गिरणीचं पीठ की घरी भरडलेल्या कण्या?

घरात कुणाला गहू बंद झाला की दुपारच्या पोळीची सोय भाकरीने होते. अडतं ते सकाळी. उपमा, दलिया, शिरा सगळं गव्हाचंच. मक्याची लापशी ही जागा छान भरून काढते, पण ती गिरणीतून आणलेल्या पिठाची करायची की घरी भरडलेल्या कण्यांची, हे आधी ठरवलेलं बरं. दोन्हींची कृती वेगळी, चव वेगळी आणि धोकाही वेगळा. (कॉर्नफ्लोअर नावाने मिळते ती पांढरी पावडर यात धरलेली नाही. तो नुसता स्टार्च. त्याची खळ होते, लापशी नव्हे.)

पिठाच्या बाजूने पहिली गोष्ट म्हणजे वेळ. एक वाटी पिठाला सहा वाट्या पाणी. त्यातल्या दोन वाट्या गार पाण्यात पीठ कालवून ठेवायचं, उरलेल्या चार वाट्यांना चिमूटभर मीठ घालून आधण आणायचं आणि कालवलेलं पीठ एका हाताने धार धरून, दुसऱ्या हाताने ढवळत ओतायचं. दोन-तीन मिनिटांत ते दाटतं आणि झालं असं वाटतं, पण तेव्हा ते कच्चं असतं. जिभेला कच्चट, खडूसारखी चव लागते ती याच घाईमुळे. मंद आचेवर आणखी आठ-दहा मिनिटं द्यायलाच हवीत. गुठळ्या होतात त्या कोरडं पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकल्याने: बाहेरचा थर क्षणात शिजून चिकट होतो आणि आतलं पीठ कोरडंच अडकतं. मग कितीही शिजवा, ती गुठळी फुटत नाही. रवीने घुसळून गाळून घ्यावं लागतं. कालवायचा कंटाळा असेल तर पीठ आधी चमचाभर तुपावर परतून घ्या. कणांना तूप लागलं की ते एकमेकांना धरत नाहीत. दात नसलेल्या आजी-आजोबांना किंवा तापातून उठलेल्याला हीच लापशी मऊ आणि सोयीची.

एवढं सगळं पिठाच्या बाजूने असूनही, माझ्या मते पारडं फिरतं ते गिरणीत.

आपल्याकडच्या गल्लीतल्या गिरणीत दिवसभर गहूच दळला जातो. नौपाडा असो की नेरुळ, रांगेतल्या दहा डब्यांतले सात-आठ गव्हाचेच असतात. तुमचा दोन किलो मका आत गेला की जात्याच्या पाळ्यांमध्ये आणि खालच्या कापडी तोंडात अडकलेलं गव्हाचं पीठ आधी बाहेर येतं आणि पडतं तुमच्याच डब्यात. गिरणीवाल्याची यात चूक नाही. दोन किलोसाठी जातं उघडून पुसणं कुणालाच परवडणार नाही. पण हिशेब करून बघा. गव्हातलं पथ्याला चालत नाही ते प्रथिन म्हणजे ग्लूटेन. एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमात ग्लूटेनमुक्त म्हणवण्यासाठी किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन चालतं. गव्हाच्या पिठात ढोबळ मानाने 10 टक्के ग्लूटेन धरलं, तर किलोभर मक्याच्या पिठात 0.2 ग्रॅम गव्हाचं पीठ मिसळलं तरी ती मर्यादा गाठली जाते. 0.2 ग्रॅम म्हणजे चहाच्या चमच्याचा दहावा हिस्साही नाही. गिरणीच्या तोंडाशी बोट फिरवलं तर त्याहून जास्त पीठ बोटाला लागतं.

यावर उपाय सांगितले जातात: सकाळी पहिला नंबर लावा, आधी किलोभर तांदूळ दळून घ्या, ज्वारी-बाजरीनंतर तुमचा मका टाकायला सांगा. याने प्रमाण कमी होतं हे खरं. पण किती कमी झालं हे डोळ्यांना दिसत नाही, आणि दर खेपेला तीच विनंती करत उभं राहावं लागतं. सिलिॲक (ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते तो आजार) असलेल्या माणसासाठी अशा अंदाजावर चालणं मला तरी पटत नाही.

कण्यांचं काम यामानाने कष्टाचं, पण सगळं आपल्या डोळ्यांसमोर. ठाण्यात जांभळी नाक्याला किंवा वाशीच्या धान्य बाजारात सुका पिवळा मका मिळतो. सुटा घेतला तर निवडायलाच हवा, कारण दुकानात तेच माप गव्हाच्या पोत्यातही जातं. निवडून, एकदा धुऊन, कडक वाळवा. पावसाळ्यात ऊन नसेल तर पंख्याखाली पसरून मग कढईत मंद आचेवर कोरडा करा. भरडण्याआधी पाव किलो मका मध्यम आचेवर सहा-सात मिनिटं भाजायचा. खमंग वास आला, रंग जरासा गडद झाला की उतरवा. दाणे तडतडायला लागले तर आच जास्त झाली असं समजा. भाजल्याने दाणा ठिसूळ होतो आणि मिक्सरचं पातं वाचतं. मात्र पूर्ण गार होऊ द्या. गरम मका दळला की भांड्यात वाफ धरते आणि पीठ कडेला चिकटतं.

चटणीच्या भांड्यात एका वेळी अर्धी वाटीच घ्या. तीन-तीन सेकंदांचे सहा-सात झटके, मग मिनिटभर थांबा. सलग फिरवलं तर मका फुटायच्या आधी मोटर तापते. मग दोन चाळण्या: बारीक चाळणीने पीठ वेगळं काढायचं, रव्याच्या चाळणीतून पडतील त्या कण्या, वर राहतील ते दाणे पुन्हा भांड्यात. वेगळं निघालेलं पीठ टाकू नका, पुढे लागतं. आणि एक पथ्य: हे भांडं आणि चाळण्या फक्त याच कामाच्या ठेवा. पात्याखालच्या फटीत आणि चाळणीच्या जाळीत अडकलेली कणीक धुऊन पूर्ण निघत नाही. ही सवलत घेतली तर गिरणी टाळून काही उपयोग नाही.

शिजवताना एक वाटी कण्यांना पाच वाट्या पाणी. कण्या आधी तासभर भिजवल्या तर वर तरंगणारी सालपटं ओतून देता येतात आणि शिजायला वेळही कमी लागतो. आधण आल्यावर मीठ घालून कण्या वैरायच्या, पहिली पाच मिनिटं हात थांबवायचा नाही. तळाला बसतात त्या याच वेळात. नंतर आच मंद, झाकण तिरकं, आणि दर तीन-चार मिनिटांनी ढवळत पंचवीस मिनिटं. दाट झाल्यावर बुडबुडे फुटून अंगावर उडतात, तेव्हा लांब दांड्याचा डाव घ्या. शेवटच्या पाच मिनिटांत बाजूला काढलेलं पीठ दोन चमचे, गार पाण्यात कालवून, घाला. कण्या दाताखाली येतात आणि भोवतीचं मऊ राहतं. पिठाच्या लापशीत ही मजा नाही.

गोड हवी असेल तर दूध शेवटी. सुरुवातीपासून दुधात शिजवली तर तळ लागतो. गूळ गॅस बंद करून जरा निवल्यावर, नाहीतर दूध फाटतं. तिखटाला जिरं-लसणीची फोडणी आणि वरून ताक. फोडणीत हिंग घालण्याआधी मात्र डबीवरचे घटक वाचा: बाजारातल्या बऱ्याच बांधानी (पीठ-डिंक मिसळून केलेल्या) हिंगात मैदा किंवा कणीक असते.

पाकिटातला मक्याचा रवा हा मधला मार्ग. त्यावर ग्लूटेनमुक्त अशी खूण असेल तर खुशाल घ्या. नुसतं ‘मका’ लिहिलंय आणि खाली गव्हाचा अंश असू शकतो अशी ओळ आहे, तर तो गिरणीच्याच जातीचा समजा. चवीला तो जरा सपक लागतो, कारण बहुतेक वेळा अंकुर काढून टाकलेला असतो. त्याच कारणाने टिकतोही जास्त.

घरघंटी असलेल्यांनी, आणि त्यात गहू कधीच दळत नसलेल्यांनी, पीठच करावं. त्यांना माझा आक्षेप लागू नाही. घरात पथ्य कुणालाच नसेल, फक्त बदल म्हणून मका खायचा असेल, तर गिरणीचं पीठही उत्तम. पण ज्याच्यासाठी ही लापशी औषधासारखी आहे, त्याच्या घरी मी कण्याच सुचवेन.

एका वेळी पाव किलोच भरडा. अंकुरातल्या तेलामुळे भरडलेला मका ठाण्याच्या दमट हवेत लवकर कडवट होतो. घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये, दोन-तीन आठवडे ठीक राहतो. शिजवून उरलेल्या कण्या ताटलीत थापून ठेवल्या की संध्याकाळपर्यंत वड्या पडतात, त्या तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी लाल होऊ द्या. पुन्हा लापशीच हवी असेल तर घट्ट झालेल्या कण्या मोडताना गरम पाणी घाला, गार नको.