हृदयविकारात वजन उतरवायचंय: रंकाळ्याची फेरी, घरची सायकल, तालीम की जिम?

अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली, डिस्चार्ज कार्डावर 'नियमित व्यायाम, वजन कमी करणे' असं लिहून मिळालं. घरी आल्यावर मात्र प्रत्येकाचा सल्ला वेगळा. कुणी कोल्हापूरच्या रंकाळा तलावाभोवती फिरायला सांगतं, कुणी सायकल आणून ठेवतं, आणि पूर्वी लाल मातीत उतरलेला माणूस असेल तर त्याचं मन तालमीकडेच ओढ घेतं. निवड करण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारून घ्या: हृदयाचं पंपिंग (ईएफ) किती आहे, एखादी रक्तवाहिनी अजून अरुंद आहे का, आणि स्ट्रेस टेस्ट (ताण पडल्यावर हृदय कसं चालतं ते बघणारी तपासणी) करून घ्यायची का. पुढची तुलना तब्येत स्थिर असलेल्यांसाठी आहे. विश्रांतीतही छातीत दुखत असेल, पायांवर सूज असेल किंवा रात्री आडवं झाल्यावर धाप लागून उशाशी दोन उशा लागत असतील, तर व्यायाम बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठा.

आणखी एक हिशेब आधीच बघून घ्या. ७० किलोचा माणूस ताशी ५ किलोमीटरच्या चालीने अर्धा तास चालला की साधारण १२० कॅलरी खर्च होतात. एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली तेलात जवळजवळ तेवढ्याच असतात. फिरून येताना दूध कट्ट्यावर म्हशीच्या दुधाचा २५० मिलीचा ग्लास घेतला, तर त्यात अडीचशेच्या आसपास. म्हणजे चालून जेवढं खर्च केलं त्याच्या दुप्पट पोटात गेलं. महिनोन्‌महिने चालूनही काटा हलत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा इथे सापडतं. व्यायामाने हृदयाची ताकद, रक्तदाब, साखर सुधारते. वजन मात्र मुख्यतः ताटातून उतरतं.

चालणं

दहापैकी आठ जणांनी सुरुवात इथूनच करावी. खर्च नाही, आणि वेग आपल्या हातात. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात ५ ते १० मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, सपाटीवर. त्रास नसेल तर दर दोन-तीन दिवसांनी एक-दोन मिनिटं वाढवा. पोहोचायचंय आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत, म्हणजे रोज अर्धा तास, पाच दिवस.

रंकाळ्यावर नवख्यांची एक चूक हमखास होते: पहिल्याच आठवड्यात पूर्ण फेरीचा हट्ट. निम्म्यावर धाप लागली तर पुढे जा नाहीतर मागे या, अंतर तेवढंच. त्यापेक्षा चौपाटीच्या बाजूला दहा मिनिटं जाऊन परत फिरा. कुठेही थांबलात तरी रिक्षा जवळ मिळते. सोबत कुणीतरी असावं, खिशात सॉर्बिट्रेट (छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी) आणि औषधांची यादी असावी. जेवल्यावर दीड-दोन तास थांबा. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे गार हवेने छाती आवळल्यासारखी वाटू शकते, म्हणून ऊन आल्यावर निघा. एप्रिल-मे महिन्यात उलट, आठच्या आत घरी या.

वेग किती? चालताना सलग बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. नाडीची कमाल गती काढायचं '२२० वजा वय' हे सूत्र मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल अशा गोळ्या घेणाऱ्यांना लागू पडत नाही, कारण त्या गोळ्या नाडी मुद्दाम कमी ठेवतात. घड्याळातला आकडा गाठायला धावाल तर हृदयावर भलताच ताण पडेल. शेवटची पाच मिनिटं हळू चालून मगच बसा. एकदम थांबलात तर रक्त पायांत साठतं, दाब पडतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते.

घरची सायकल

जून ते सप्टेंबर कोल्हापुरात पावसाचा नेम नाही, निसरड्या रस्त्यावर पडण्याची भीती वेगळी. शिवाय गुडघे दुखत असतील, वजन ९०-१०० किलो असेल, तर चालण्यापेक्षा स्थिर सायकल सरस ठरते. सीट अशी लावा की पेडल खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील. सीट खाली राहिली की गुडघ्याची वाटी दुखते आणि दोष सायकलीला दिला जातो. लोड सगळ्यात कमी, मिनिटाला ५० ते ६० फेरे, सुरुवातीला दहा मिनिटं. पंखा लावा.

घ्यायची असेल तर हँडल स्थिर असलेली घ्या. ज्या सायकलीचे दांडे पायांबरोबर मागे-पुढे हलतात, त्यांवर बायपासनंतर किमान तीन महिने हात चालवू नका. छातीचं हाड जुळत असतानाच त्याला ओढ बसते.

तालीम

इथे सविस्तर लिहायलाच हवं, कारण गंगावेश, मोतीबाग तालमींच्या या गावात 'चार जोर मारले की छाती मोकळी होते' असं अजूनही मनापासून सांगितलं जातं. जोर मारताना अंगाचा भार हातांवर आणि छातीच्या हाडावर येतो, डोकं खाली जातं, आणि दमलेला माणूस नकळत श्वास कोंडतो. श्वास कोंडून जोर लावला की त्या क्षणाला रक्तदाब झपाट्याने चढतो. निरोगी तरुणाला ते पेलतं; स्टेंट बसलेल्या साठीच्या माणसाला ते पेलेल याची खात्री नाही. कुस्ती तर नाहीच. अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ ठेवणारी औषधं चालू असताना साध्या आपटण्यानेही काळंनिळं होतं, आणि वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम घेणाऱ्याच्या डोक्याला मार लागला तर आत रक्तस्राव होऊ शकतो.

जुन्या पैलवानांचा आणखी एक घोळ असतो. मेहनत सुटते, पण खुराक तोच राहतो: तूप, बदामाची थंडाई, दूध, मटण. त्यांनी आधी खुराक निम्मा करावा.

बैठकांना मात्र चांगला पर्याय आहे. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून हात न लावता उठायचं, बसायचं. ८ ते १० वेळा, उठताना श्वास सोडत.

जिम

वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात, त्यामुळे थोडा ताकदीचा व्यायाम हवाच. पण त्याची पाळी नंतरची: हार्ट अटॅकनंतर साधारण पाच-सहा आठवडे, बायपासनंतर तीन महिने, तेही परवानगीनेच. आठवड्यातून दोन दिवस, १ ते २ किलोचं वजन, १० ते १५ वेळा. शेवटच्या दोन खेपांना दात-ओठ खावे लागले तर वजन जास्त आहे. ट्रेनरला आजार आधीच सांगा. 'फॅट बर्नर' किंवा व्यायामाआधीची पावडर पुढे केली तर नाही म्हणा. त्यांत नाडी वाढवणारे घटक असतात.

पोहणं मागे ठेवा. गळ्यापर्यंत पाण्यात गेलं की पायांतलं रक्त छातीकडे ढकललं जातं, कमी पंपिंगच्या हृदयाला ते झेपत नाही. पंचगंगेत किंवा कळंबा तलावात एकट्याने तर कधीच उतरू नका. जोतिबाचा डोंगर पायी चढणंही दोन जिने सहज चढता येऊ लागल्यावरच बघू.

ईएफ ४० टक्क्यांच्या खाली असेल, किंवा चालतानाच छातीत धडधडत असेल, तर वरचं काहीही एकट्याने सुरू न करता देखरेखीखालच्या कार्डिॲक रिहॅबची चौकशी करा. ईसीजी बघत व्यायाम करून घेतात. पहिल्या दोन-तीन महिन्यांत पैसे घालायचे तर ते इथे घालावेत.

कुठल्याही व्यायामात छातीवर दाब, जबडा-खांदा-हातात कळ, थंड घाम, चक्कर आली की लगेच बसा, डॉक्टरांनी दिलेली गोळी जिभेखाली ठेवा. पाच मिनिटांत उतार नसेल तर १०८. स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

ताट

झटपट डाएट आणि सावकाश डाएट यांत दुसरंच निवडा. आठवड्याला अर्धा किलो पुरे. चौघांच्या घरात महिन्याला २ लिटर तेल ही मर्यादा धरा, डबा आला की झाकणावर तारीख टाका. मिसळ महिन्यातून एखाददा, कट वेगळा मागवून. मटण शिजवून फ्रिजमध्ये ठेवा, वर थिजलेली चरबी काढून मग तांबडा करा. पांढऱ्यात नारळाचं दूध असतं, त्याची एक वाटी पुष्कळ. ज्वारीची भाकरी चालते, पण खर्डा, लोणचं, पापड यांतलं मीठ मोजा. दिवसाचं सगळं मिळून एक लहान चमचा. 'लो सोडियम' मीठ न विचारता आणू नका: त्यात पोटॅशियम असतं, आणि रामिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांच्या रक्तात ते धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर एकवेळ जेवणाचा प्रयोग परस्पर करू नये, साखर एकदम पडते.

वजन रोज सकाळी, लघवीनंतर, चहाच्या आधी, एकाच काट्यावर करून वहीत लिहा. तीन दिवसांत २ किलो वाढलं तर ती चरबी नव्हे, अंगात साठलेलं पाणी आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. पाच-सहा किलो उतरल्यावर उठताना गरगरायला लागलं, तर रक्तदाबाच्या गोळीचा डोस आता जास्त होत असण्याची शक्यता असते. गोळी मनाने बंद न करता ती वही आणि घरच्या बीपीचे आकडे घेऊन डॉक्टरांकडे जा.