औरंगपुऱ्यातला स्पोकन क्लास: जोडीचा तास घ्या, शुक्रवारचं स्टेज टाळा

फलकावर नेहमीचंच, ‘४५ दिवसांत फाडफाड इंग्रजी’. तिकडं दुर्लक्ष करा. छत्रपती संभाजीनगरातल्या या क्लासात चार दिवस जे कमावतात त्यावर पाचव्या दिवशी पाणी फिरवतात.

कमाई म्हणजे ४-३-२ चा सराव. विषय साधा, गावचा आठवडी बाजार. जोडीदाराला तो ४ मिनिटं सांगायचा, जोडीदार बदलून तेच ३ मिनिटांत, पुन्हा बदलून २ मिनिटांत. ऐकणारा दरवेळी नवा, त्यामुळं तेच तेच सांगायला संकोच वाटत नाही. तिसऱ्या फेरीत शब्द शोधावे लागत नाहीत, अडखळणं कमी होतं. हिशोब बघा: ४० पोरं, ६० मिनिटं. एकेकाला पुढं बोलावलं तर वाट्याला येतं दीड मिनिट. जोडीत दोघांच्याही तिन्ही फेऱ्या १८ मिनिटांत उरकतात आणि प्रत्येक जण ९ मिनिटं बोलतो. फक्त विषय दिल्या दिल्या ‘स्टार्ट’ म्हणतात, ते चुकतं. मिनिटभर मुद्दे टिपू द्यायला हवेत.

शुक्रवारी मात्र स्टेज. हातात माईक, समोर अख्खी बॅच. पोरगी ‘माय फादर इज फार्मर’ म्हणाली की सर मधेच, ‘अ फार्मर!’ मराठीत ‘अ’, ‘द’ असलं काही नसतंच, म्हणजे ही चूक वाक्यावाक्याला होणार. दरवेळी टोकलं की लक्ष सांगण्यावरून चुकीवर जातं, पुढचा शब्द सुचत नाही, मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसतं आणि दातखीळ बसते. बोलून झाल्यावर दोनच चुका, त्याही नाव न घेता फळ्यावर लिहिल्या तरी भागतं.

प्रवेशाच्या दिवशी परक्या भाषेच्या वर्गातली भीती मोजायला होर्विट्झ, होर्विट्झ आणि कोप या संशोधकांची १९८६ची ३३ विधानांची प्रश्नावली भरून घेतात. तीही इंग्रजीतच! (इंग्रजीची धास्ती घेतलेल्यानं ती भरायची कशी?) शिवाय त्यात ‘चुकायची मला काळजी वाटत नाही’ अशा अर्थाची विधानं आहेत, त्यांचे गुण उलटे धरायचे असतात (जितकी सहमती जास्त, तितकी भीती कमी). इथं सरसकट बेरीज होते, त्यामुळं बिनधास्त बोलणाऱ्याचाही आकडा फुगतो.

कन्नड-वैजापूरहून येणाऱ्यांनी सकाळचीच बॅच घ्यावी. संध्याकाळची लांबते आणि एसटी हुकते. फी भरण्याआधी दोन दिवसांचा डेमो मागा, त्यातला एक शुक्रवार असू द्या, म्हणजे स्टेजचा प्रकारही आधीच दिसेल.